सदराचा सदुपयोग

आमचं सदर कुणी वाचतं का, याचा उलगडा मागच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये झाला. वाचत नाहीत, वापरतात. भाचीसाठी पॅडचं पाकीट मागितलं, तर दुकानदारानं आवाज खाली आणत 'कुठलं?' विचारलं, पाकीट काढलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलं. कागदावर आमचंच सदर, फोटोसकट. मग ते पुडकं काळ्या पिशवीत गेलं. माझ्या आधीचे गृहस्थ मूळव्याधीचं मलम उघड्या हातात घेऊन गेले होते. जून 2018मध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, भाजीवाल्यांनी दंड भरले. ही एक पिशवी तेवढी कायद्याच्या नजरेतून सुटली. तिचं कामच नजरेतून सोडवण्याचं.

सरकारचंही तसं या विषयाकडे लक्ष आहे. 1 जुलै 2017ला जीएसटी आला, तेव्हा कुंकू, टिकली, बांगड्या करमुक्त झाल्या आणि पॅडवर 12 टक्के लागले. कपाळावरचं लाल माफ, बाकीच्या लालवर कर. चूक उमगायला वर्ष गेलं. जुलै 2018मध्ये कर उठला. त्याच वर्षीच्या महिला दिनी राज्यानं अस्मिता योजना आणली होती. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅड. किंमत खरोखरच नाममात्र. फक्त मागायची हिंमत पाकिटात घालायची राहिली.

भाची सातवीत आहे. तिच्या शाळेत पॅड आहेत, तसं फलकावर लिहिलंय. ते कपाटात आहेत. कपाटाला कुलूप, किल्ली सरांकडे, आणि सर मतदार याद्यांच्या कामावर. सर असले की रजिस्टर निघतं: नाव, इयत्ता, दिनांक, कारण, सही. कारणाच्या रकान्यात पहिल्या मुलीनं 'पोटदुखी' लिहिलं. खाली पानभर 'वरीलप्रमाणे'. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पान बघून शाळेच्या टाकीतलं पाणी तपासून घ्यायचा शेरा मारला.

मुलींनी आपली सोय केलीय. एप्रिलच्या उन्हात कमरेला स्वेटर. शनिवारी पांढरा गणवेश असतो, म्हणून घंटा झाली तरी बाक सोडायचा नाही. वर्ग रिकामा झाला की मैत्रीण मागे उभी राहते. 'लागलंय का गं काही?' ती मान हलवते, मग दोघी भिंतीच्या कडेनं निघतात. घरी भाची सांगते, 'प्रॉब्लेम आलाय.' आजीच्या काळी कावळा शिवायचा. भाषेनं एवढी प्रगती केलीय.

मनाचीही काळजी घेतली जाते. शाळेत समुपदेशनाचा तास झाला. मुलांना कबड्डीला पिटाळलं, खिडक्या लावल्या, दाराला कडी घातली आणि मुलींना सांगितलं, 'मोकळेपणानं बोला.' एकीनंही तोंड उघडलं नाही. मुलं मैदानावरून आली ती फिदीफिदी हसतच. जागतिक पातळीवर 28 मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन असतो. चक्र सरासरी 28 दिवसांचं आणि पाळी साधारण पाच दिवस, म्हणून पाचवा महिना. हिशेब चोख आहे. त्या दिवशी आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यामुळे विद्यार्थिनींचा व्यत्यय न येता तो साजरा करता येतो.

तपासात मात्र आपण मागे नाही. जुलै 2025मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. डाग कुणाचे, हे शोधायला मुलींचे कपडे उतरवले. मुख्याध्यापिकेला अटक झाली. इथे विनोद सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

काल पुन्हा मेडिकलमध्ये गेलो. म्हटलं, पिशवी नको, कागदही नको. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि आणखी एक पान गुंडाळलं.

'हे सदर तुमचंच ना?' पुडकं पुढे सरकवत तो म्हणाला. 'जरा मोठं लिहीत जा. एक्स्ट्रा लार्जला पुरत नाही.'