गादीवर कोण, मोगरी कुणाकडे

ऑगस्ट 2024 ते सप्टेंबर 2025. एवढ्यात नेस्लेने तीन सीईओ पाहिले. श्नायडर पायउतार झाले. 1986 पासून कंपनीत मुरलेले फ्रेक्स आले आणि हाताखालच्या कर्मचाऱ्याशी असलेले प्रेमसंबंध लपवल्यामुळे वर्षभरात घरी गेले. आता नावरातिल. पत्रकांतून याला ‘नेतृत्वबदल’ म्हणतात. खानदेशात ‘धांदल’ म्हणतील.

जळगावच्या जैन उद्योगाला ही कटकट नाही. 1963 मध्ये सात हजार रुपयांवर धंदा सुरू करणारे भवरलाल जैन 2016 मध्ये गेले, तेव्हा चारही मुलगे कंपनीतच होते. शोधसमिती नको, की सल्लागाराचं बिल नको. आंब्याचा गर, सुकवलेला कांदा आणि उत्तराधिकारी, सगळं एकाच आवारात तयार. बाहेरच्या हुशार माणसाला खुर्ची कधी मिळणार, हे विचारायचं नसतं. भागधारकही शक्यतो विचारत नाहीत.

गाडा खरा कोण वळवतो, ते जळगावच्याच पिंप्राळ्यात दिसतं. तिथे आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. दोर ओढणारे पुष्कळ, फोटोत येणारे त्याहून जास्त; पण रथ वळतो आणि थांबतो तो चाकाखाली मोगरीची पाचर लावणाऱ्यांमुळे. त्यांच्या निवृत्तीचं पत्रक निघत नाही, की बोनस जाहीर होत नाही. नेस्लेच्या संचालकांनी येत्या आषाढीला जरूर यावं. मोगरी मात्र पहिल्याच वर्षी मागू नये.