सांगायला कोणी आहे का?

मिररिंग केलेल्या, म्हणजे एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर ठेवलेल्या, दोन डिस्कांपैकी एक मेली तर काय होतं? काहीच होत नाही. पंचाईत तीच आहे. फाइली उघडतात, हिशेब चालू राहतो, मंडळी चहाला जातात. फक्त एमडीस्टॅट नावाच्या फाइलीत, जिथे चौकटी कंसात दोन 'यू' शेजारी शेजारी बसलेले असायचे, तिथे एकाच्या जागी खाली आडवी रेघ येते. गेलेल्या डिस्कचं सुतक तेवढंच. आणि ती फाइल मुद्दाम उघडून बघतंय कोण?

म्हणून राखणदार नेमायचा. लिनक्सवर या डिस्कांचा संसार सांभाळणाऱ्या एमडीॲडमलाच त्या कामाला बसवता येतं. त्याचा बाणेदारपणा मला फार आवडतो. बातमी कोणाला कळवायची याचा पत्ता नसेल आणि कळवणारी एखादी स्क्रिप्टही दिली नसेल, तर हा पठ्ठ्या पहाऱ्याला उभाच राहत नाही. (आमच्या सोसायटीच्या कमिटीने हा नियम जरूर वाचावा.) यावर ॲडमिन लोकांचा तोडगा ठरलेला: पत्त्याच्या जागी 'रूट' लिहून मोकळं व्हायचं. रूट म्हणजे त्या मशीनचा सर्वाधिकारी. त्याला पत्रं भरपूर येतात आणि तो एकही उघडत नाही. सर्वाधिकाऱ्यांचं तसं सगळीकडेच.

दुसरा राखणदार स्मार्टडी. एमडीॲडमला डिस्क गेल्यावर कळतं, हा ती जायच्या आधीच विचारपूस करतो. वेगळं काही सांगितलं नाही तर दर अर्ध्या तासाने: किती सेक्टर बदलावे लागले, किती वाचता न आल्याने ताटकळलेत, अंगात ताप किती. हा राखणदार ज्या प्रकल्पातून येतो तो 2002 साली सुरू केला ब्रूस ॲलन यांनी, आणि हे गृहस्थ मुळात गुरुत्वीय लहरींच्या मागे लागलेले भौतिकशास्त्रज्ञ. त्या लहरी टिपणाऱ्या लायगोची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात व्हायची आहे. प्रोटॉनहून कितीतरी बारीक थरथर मोजायची ज्या क्षेत्राची रीत, तिथल्या माणसाला डिस्कची कुरकुर ऐकू आली नसती तरच नवल.

तरी सगळ्याच डिस्का कुरकुरत नाहीत. गूगलने 2007 मध्ये लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी चार ठळक लक्षणांतलं एकही दाखवलं नव्हतं. 'सकाळी फिरून आले होते हो, माझ्याशी चांगले बोलले,' त्यातलाच प्रकार.

त्यामुळे पत्र आलं नाही म्हणजे सगळं क्षेम आहे, की पत्र लिहिणाराच आडवा झालाय, हे कळायला मार्ग नसतो. सर्व्हिस चालू केली की हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह' उमटतं आणि बहुतेक जण तिथेच खुर्ची मागे सारतात. मी सारत नाही. दोन्ही राखणदारांना चाचणीचं पत्र धाडायची सोय आहे, ते हातात पडेपर्यंत बसून राहतो. मागच्या वेळचं पत्र स्पॅममध्ये सापडलं, अर्ध्या किमतीतल्या गादीच्या जाहिरातीखाली. पत्र बाहेर काढलं. गादीचाही थोडा विचार केला.