सव्वानऊ डॉलरचा वसा

अमेरिकेत राहता, कमाई बेताची आणि घरात इंटरनेट हवे आहे? मग ‘लाइफलाइन’ या सरकारी सवलतीचा वसा घ्यावा. १९८५ साली तो टेलिफोनसाठी निघाला, २०१६पासून इंटरनेटलाही चालतो. फळ: दरमहा बिलातून सव्वानऊ डॉलर कमी. २०१२मध्येही फळ एवढेच होते. बिलाने मात्र तेवढा संयम पाळलेला नाही.

वसा कोणी घ्यावा? केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत ज्याचे उत्पन्न आहे त्याने. २०२५च्या रेषेप्रमाणे चौघांच्या घराला हे वर्षाकाठी सुमारे ४३,४०० डॉलर होतात. फूड स्टॅम्प किंवा मेडिकेड मिळत असेल तर उत्पन्न वेगळे दाखवायला नको. एका खात्याने गरीब मानले की दुसरे खाते त्याचा शब्द मानते. सगळ्या विधीत शहाणपणाचा भाग हाच, म्हणून तो लवकर आटोपतो.

बाकीच्यांनी साहित्य जमवावे: गेल्या वर्षीचे कराचे विवरणपत्र, नाहीतर सलग तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. सलग या शब्दाकडे नीट बघावे. मार्च, मे आणि जूनच्या पावत्या नेल्या तर चालत नाहीत. एप्रिलमध्ये कामच गेले होते, ही तुमची अडचण झाली, पावती नव्हे.

आता मुख्य विधी. अर्ज वेबसाइटवर भरावा. हो, इंटरनेटवरच. घरात इंटरनेट नाही म्हणून तर अर्ज करतोय, हा प्रश्न नवशिक्यालाच पडतो. जुनी मंडळी एव्हाना सार्वजनिक ग्रंथालयात संगणकासाठी नंबर लावून बसलेली असतात. टपालानेही अर्ज धाडता येतो, घाई नसलेल्यांनी तसे करावे. पत्ता यंत्राला उमगला नाही तर नकाशावर आपल्या घराच्या जागी खूण करावी. आडगावातल्या माणसाला आपले घर वरून कसे दिसते, हे त्या निमित्ताने पाहायला मिळते.

सवलत माणसाला नसते, घराला असते, आणि एका घराला एकच. एका पत्त्यावरून दोन अर्ज आले की एक जादा कागद भरायचा: एकत्र राहणारे तुम्ही लोक उत्पन्न आणि खर्च वाटून घेता का? रेशन कार्ड काढलेल्या मराठी माणसाला इथे शिकवणी लागत नाही. इंग्रजी कितीही गुळगुळीत असले तरी विचारलेले हेच असते, की चूल एक की वेगळी? तळघरातला भाऊ भाडे वेगळे देतो, दूध स्वतःचे आणतो, पण रविवारी मटणाला वर येतो. रविवारसाठी कागदावर चौकट नाही.

वसा घेतला की तो पाळावा लागतो. दरवर्षी गरिबी नव्याने सिद्ध करायची. कळवणूक आल्यापासून ६० दिवसांत. जोडणी पूर्ण फुकट असेल तर ३० दिवसांत एकदा तरी वापरायची, नाहीतर १५ दिवसांची सूचना येते आणि मग जोडणी जाते. इस्पितळात पडायचे असेल तर चार्जर घेऊन पडावे.

कंपन्यांचीही व्रते आहेत. कॉमकास्टने २०११मध्ये ९.९५ डॉलरची योजना काढली, तेव्हा अट अशी होती की आधीचे ९० दिवस त्यांची जोडणी घरात नसावी. पोटाला चिमटा घेऊन ज्याने बिल भरत ठेवले, तो बाद. न्यूयॉर्क राज्यात मात्र जानेवारी २०२५पासून मोठ्या कंपन्यांना पात्र घरांसाठी १५ डॉलरची जोडणी ठेवणे कायद्याने भाग आहे. त्यासाठी कंपन्यांशी काही वर्षे कोर्टात भांडावे लागले.

जुनी मंडळी भेटली की एका दुसऱ्याच योजनेच्या आठवणी काढतील. २०२१च्या अखेरीस सुरू झालेल्या तिच्यात दरमहा ३० डॉलर मिळत, आदिवासींच्या भूमीवर ७५. सुमारे २ कोटी ३० लाख घरे तिच्यात होती. तिच्यासाठी ठेवलेले १४.२ अब्ज डॉलर संपत आले, काँग्रेसने आणखी दिले नाहीत. फेब्रुवारी २०२४मध्ये नवे अर्ज थांबले आणि १ जूनला योजनाच थांबली. ज्यांच्या पावत्या सलग होत्या त्यांचीही.

तेव्हा नवशिक्याने तीसचा हिशेब विसरून सव्वानऊवर यावे, आणि ग्रंथालय सकाळी किती वाजता उघडते ते आजच बघून ठेवावे.