वर बर्फ किती आहे?

आमच्या पाबळ गावात बर्फाचे जाणकार दोनच. एक रसवंतीवाला आणि दुसरा लग्नसराईत गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या घेऊन येणारा टेम्पोवाला. त्यांच्या पंगतीत आता मलाही बसवायला हरकत नाही, कारण हिमाचलात मी बर्फावरून बरंच अंतर कापलेलं आहे. काही चालत, बाकीचं बसून.

तसं आमच्या गावात बर्फाळ दिसणारं काही असेल, तर विज्ञान आश्रमातले गोल घुमट. फोटो पाहून एका पाहुण्याने विचारलं होतं, की तुमच्याकडे इग्लू कोणी बांधले? डॉ. कलबागांनी १९८३ साली आश्रमासाठी पाबळ निवडलं, ते इथे पाणी नाही म्हणून. आश्रमातली पोरं जमिनीत वीज सोडून खाली पाणी आहे का ते बघायला शिकली. आणि माझं दुकान ठिबकच्या नळ्यांचं. पाणी म्हणजे जमिनीखाली लपलेली, शोधून काढायची आणि थेंबाने वाटायची वस्तू, हे माझं शिक्षण. तेच पाणी डोंगरावर उघड्यावर पडून असतं आणि त्याची लोकांना अडचण होते, हे मला पुतणीकडून कळलं.

पुतणी पुण्यात नोकरी करते आणि शनिवार-रविवार सुळक्यांना लोंबकळते. तिचं म्हणणं, "काका, सुळका सोपा असतो. त्याच्या पायथ्यापर्यंत जाणं अवघड." लिंगाण्याचे फोटो सगळे काढतात, पण मोहरीहून त्याच्याकडे उतरणाऱ्या बोराट्याच्या नाळेत धोंड्यांवरून उड्या मारताना गुडघे काय बोलतात, त्याचा फोटो कोणी काढत नाही. जीवधनच्या वानरलिंगी सुळक्याचंही तेच. गणपतीत शेवाळ, दसऱ्याला कमरेएवढं गवत, त्यात दगड कुठे आणि हवा कुठे ते दिसत नाही. होळीपर्यंत ते गवत वाळून घसारा तयार. चढाईच्या रोपाला अख्खा हंगाम, आणि पायथ्याच्या वाटेला मधले दोन-चार आठवडे.

यंदा तिच्या टोळीच्या डोक्यात मनालीजवळच्या ब्यासकुंडाच्या वरची एक कातळभिंत शिरली. मुहूर्त जूनचा पहिला आठवडा, कारण सुट्टी तेव्हाच. घरातलं कोणी मोठं बरोबर हवं, अशी माझ्या भावाने अट घातली आणि मोठा म्हणून मला पाठवलं.

इथे एक बारीक भेद सांगायला हवा, तो आमच्या पारावर अजून कोणाला पटलेला नाही. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक १९ मे २०१२ ला एव्हरेस्टवर पोचले, २०१९च्या मे महिन्यात दहा जण कांचनजंगावर. तेव्हापासून मे म्हणजे हिमालय, हे सगळ्यांना पाठ. पण ती मंडळी बर्फच चढायला जातात. बर्फ नसता तर त्यांनी तक्रार केली असती. आमच्या टोळीला चढायचा होता कातळ. तो उभा, उन्हात कोरडा ठणठणीत. त्याच्या पायाशी मात्र हिवाळ्याचा बर्फ पसरलेला, आणि तो कधी हटेल हे त्याच्या मनावर. त्यातून सामानाचं त्रांगडं. आइस अ‍ॅक्स आणि बुटांखाली बांधायचे दातेरी क्रॅम्पॉन न्यावेत, तर ते ओझं पुढे अख्खी भिंत पाठीवर. न न्यावेत, तर भिंतीपर्यंतच पोचायचं कसं? म्हणून सगळी मोहीम एका प्रश्नावर येऊन थांबली: वर बर्फ किती आहे?

हा प्रश्न आम्ही भेटेल त्याला विचारला. मनालीचा टॅक्सीवाला म्हणाला, "बहुत है." त्याचा भाऊ बर्फावर घालायचे कोट भाड्याने देत होता. सोलंगचा ढाबेवाला म्हणाला, "कुछ नहीं है." त्याला आम्ही वर जाऊन परत जेवायला यायला हवे होतो. एक मेंढपाळ आकाशाकडे बघून हसला, तेच उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटलं. आमचा मार्गदर्शक म्हणाला, "थोडा-सा है." या माणसाला बर्फ मोजायचं एवढं एकच माप माहीत होतं. पुढे घोट्याएवढा बर्फ आला तेव्हा तो 'थोडा-सा' होता, मांडीएवढा आला तेव्हाही 'थोडा-सा'च. मला हे परकं वाटलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाबळात पावसाबद्दल विचारा, "येतोय की" हेच ऐकाल, आणि सांगणारा तेव्हा टँकरच्या रांगेत उभा असेल. फरक एवढाच, की आम्ही वरून काहीतरी खाली यावं म्हणून बसलेलो असतो, आणि ही पोरं आलेलं कधी जाईल म्हणून.

धुंदीपर्यंत गाडी. तिथेच अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड आहे. रोहतांगचा घाट जवळजवळ अर्धं वर्ष बर्फाने बंद राहायचा, म्हणून सरकारने नऊ किलोमीटरचा बोगदा खोदला. म्हणजे बर्फ हटायची वाट बघणं सरकारलाही झेपलं नाही. आम्ही मात्र वाट बघत नव्हतो, वाट शोधत होतो.

मार्गदर्शकाने मध्यरात्रीच उठवलं. रात्री थ्री फेज येते म्हणून मोटार चालू करायला उठणाऱ्या गावातला मी, मला त्यात विशेष वाटलं नाही. कारणही पटलं. दिवसा उन्हाने बर्फाचा वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. पहाटे त्यावर क्रॅम्पॉनचे दात करकरत रुततात आणि माणूस वर उभा राहतो. दुपारी तोच बर्फ पाय मांडीपर्यंत गिळतो, आणि मग तो बाहेर काढायला दुसरा पाय त्याच्या शेजारी गाडावा लागतो. हिमस्खलनाची भीतीही ऊन चढल्यावर वाढते. मधे एक ओढा होता. तो दिसत नव्हता, नुसता खालून आवाज. आम्ही उभे होतो ते त्याचं छप्पर होतं, आणि जूनमध्ये ते छप्पर रोज खालून पातळ होतं. मार्गदर्शकाने एकेकाला रोप बांधून पार केलं. मला सर्वांत शेवटी. वजन बघून ठरवलं असावं.

उजाडल्यावर टोळी चहा करत होती, तेव्हा मी हिशोब मांडला. शंभर मीटर लांब, पन्नास रुंद, सरासरी दोन मीटर खोल बर्फ धरू. जुना दबलेला बर्फ, म्हणजे साधारण निम्मं पाणी. पन्नास लाख लिटर. दहा हजार लिटरचे पाचशे टँकर, नुसत्या समोरच्या एका उतारावर, कोणी नंबरही न लावलेले. हा आकडा मी मोठ्याने सांगितला. टोळीतल्या कोणालाही त्याचं काही वाटलं नाही. ठिबकवाला एकटा पडतो तो असा.

अखेर भिंत आली. सुंदरच होती, तांबूस, भेगाभेगांची, पोरांचे डोळे चमकले. पण ऊन पिऊन तापलेल्या कातळाने त्याला टेकलेला बर्फ वितळवून टाकला होता. कातळ आणि बर्फ यांच्यामध्ये एक काळी फट, पलीकडच्या काठावर हात पोचणार नाही एवढी रुंद आणि टॉर्चने तळ दिसणार नाही एवढी खोल. अलीकडचा बर्फाचा काठ वरून जाड दिसत होता. पुतणीने त्यावर अ‍ॅक्सचा दांडा टेकवला, तर तो आरपार गेला. खाली आधार नव्हताच. टोळीने या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारली, कुठे कातळाला टेकलेला बर्फ मिळतो का बघत. मिळाला तिथे वरून पाणी आणि बारीक दगड पडत होते. आपापसात थोडी हुज्जत झाली. मग पुतणी म्हणाली, "परत." मला वाटलं होतं ती माझं मत विचारेल. भावाने मला त्यासाठीच पाठवलं होतं.

मार्गदर्शक तेव्हा प्रथमच पूर्ण वाक्य बोलला, "पंद्रह-बीस दिन बाद आना." हे त्याला मनालीतही ठाऊक असणार. पण मनालीत सांगितलं असतं तर त्याचा रोजगार बुडाला असता आणि पोरांचा विश्वासही बसला नसता.

परतताना ऊन चढलं होतं. एका उतारावर मार्गदर्शकाने मला खाली बसायला सांगितलं, अ‍ॅक्सचा दांडा कमरेशेजारी बर्फात कसा दाबायचा ते दाखवलं आणि हलकेच ढकललं. पाचशे टँकरवरून माणूस फार वेगाने जातो.

तेव्हा जूनच्या सुरुवातीला तिकडे कातळ चढायला निघणार असाल, तर आइस अ‍ॅक्स न्या, क्रॅम्पॉन न्या, आणि रजा महिनाअखेरीची मिळते का तेही विचारून बघा. बर्फाबद्दल काही शंका असली तर दुकान रात्री आठपर्यंत उघडं असतं. कातळ कसा आहे ते मात्र मला विचारू नका, माझा हात त्याला लागलेला नाही.