विकतचं चांदणं

टॉर्चच्या खोक्यावर ‘एक किलोमीटर’ छापलेलं असतं. हे अंतर मोजायचं कुठवर, तर झोत ०.२५ लक्सवर उतरतो तिथवर. म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं! सोलापुरात ते फुकट पडतं. फक्त त्याला झूम नाही.

हौशी मंडळींचं एवढ्यावर भागत नाही. ती कंपनीची एलईडी उपटून दुसरी डकवतात, तिला वीज पुरवणारं ड्रायव्हर सर्किट बदलतात आणि मग भिंतीवर पडलेल्या उजेडाच्या पिवळसर-निळसर छटांवरून भांडतात. टॉर्चमधल्या १८६५० आकाराच्या सेलवर ‘९९०० एमएएच’ वाचून तर भक्तिभाव दाटून येतो. त्या आकारात ३५०० च्या आसपासच मावतात, पण स्टिकरला कोण अडवणार? टर्बो मोड हाताला चटका देतो आणि काही मिनिटांत स्वतःच मान टाकतो.

इकडे दक्षिण सोलापुरात, फताटेवाडीला, १३२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र उभं आहे. आसपासच्या उसाला वीज मात्र पाळीनं. पाळी रात्रीची आली की बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघायचं. त्या बॅटरीचे लुमेन कुणी मोजत नाही. नाग दिसला पाहिजे, आणि तोही किलोमीटरवरचा नव्हे, बांधावर पुढचं पाऊल पडणार तिथला.