वर्षाच्या आत उरकून टाका

कोपरखैरणे-घणसोलीतल्या कितीतरी घरांचा एक पाय अजून गावातच आहे. माणूस गेल्याचा फोन आला की रातोरात गाडी करून सातारा, जुन्नर, संगमनेर गाठायचं. दहा दिवस सुतक. आणि पिंडाला कावळा शिवायच्या आत कुणीतरी आत्या म्हणते, पोराचं वर्षाच्या आत उरकून टाका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल.

बापाची राख गार होत नाही तोवर स्थळ निघतं.

पोराला मुलगी नकोच असेल तर? त्याने हे कुणाला सांगायचं? चुलत्याला?

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘सबर बोंडं’ नेमका या दहा दिवसांत घडतो. 2016 मध्ये वडील गेले तेव्हा ते स्वतः असेच गावी राहिले होते आणि लग्नाचा तगादा ऐकत होते. सिनेमातला आनंद मुंबईहून येतो, गावात त्याला बालमित्र बाळ्या भेटतो आणि सुतकातच दोघांचं प्रेम उलगडतं. 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात या मराठी सिनेमाला जागतिक कथापट विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला.

‘हे पाश्चिमात्य खूळ’ म्हणणाऱ्यांनी यात पाश्चिमात्य काय आहे ते दाखवावं. शेळ्या? सुतक? की निवडुंगाची बोंडं?

1998 च्या डिसेंबरात शिवसैनिकांनी मुंबईत दोन बायकांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ सिनेमाचा खेळ उधळला. संस्कृती वाचवायची होती म्हणे. पण अशा प्रेमाला मराठी रंगमंच तेव्हा नवखा नव्हता. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 मध्येच येऊन गेलं होतं. रोहिणी हट्टंगडी त्यात मित्रा झाल्या होत्या.

शेवटी मित्रा मरते. प्रेम दाखवायला हरकत नव्हती, जगवायला होती.

परंपरेत अशा वेगळ्या माणसांना जागा होती, असं अभिमानाने सांगणारेही भेटतात. पुरुषाने शालू नेसला तर आपण बालगंधर्वांना डोक्यावर घेतलंच ना? घेतलं. पण ते नाटक होतं. पडदा पडला की शालू उतरत होता.

मग देवीला वाहिलेल्या जोगत्याचं काय? राजीव पाटलांच्या ‘जोगवा’ सिनेमात (2009) तायप्पाला त्याच्या मनाविरुद्ध देवीच्या नावाने लुगडं नेसवतात. त्याला बाई व्हायचं नसतं, सुलीवर प्रेम करायचं असतं. उपेंद्र लिमये यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंपरेने इथे जागा दिली हे खरं, पण तायप्पाला विचारलं कुणी? ज्याला लुगडं नको त्याला ते नेसवायचं आणि ज्याला नवरी नको त्याच्या गळ्यात ती मारायची. दोन्हीकडे निर्णय घेणारे तेच. चारचौघं.

आणि त्या नवरीचं काय? तिची तर यात काहीच चूक नाही. खोट्या लग्नात तिचंही आयुष्य जातं. उरकून टाका म्हणणारी आत्या तेव्हा कुठे असते?

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरीत (2006) एकाच मराठी घरातले भाऊ-बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. 2022 मध्ये तिच्यावर सिनेमा आला तो हिंदीत, घर गेलं कोचीला. सिनेमा देखणा असेल, पण आपल्या घरातली गोष्ट आपल्याच भाषेत पडद्यावर दिसली नाही, याची मला अजून चुटपुट आहे. म्हणून ‘सबर बोंडं’ महत्त्वाचा. त्यातली माणसं आपल्या मामा-मावश्यांसारखी बोलतात, तेव्हा ‘हे आपल्यात नसतं’ म्हणायला जागाच राहत नाही.

2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचा कलम 377 खालचा गुन्हा पुसला. 2023 मध्ये समलिंगी लग्नाचा प्रश्न संसदेकडे टोलवला. संसदेला वेळ लागेल. पण मुलगा ‘मी याच्याबरोबर राहतो’ म्हणाला, तर ते ऐकून घ्यायला घरच्यांना कुठलं कलम लागतं?

आनंदच्या आईला लागलं नाही. तिला सगळं माहीत आहे आणि ती पोराच्या बाजूने उभी आहे. त्याच गावात, त्याच सुतकात, त्याच नातेवाइकांसमोर.