धारावाले नाना

“हा एल आहे की एक?”

चष्मा कपाळावर चढवून नाना पडद्याला नाक लावतात. ई-कोर्टाच्या साइटवर खटला शोधायचा तर आधी ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून भरावी लागतात. आपण माणूस आहोत, यंत्र नाही, एवढं सिद्ध करायचं. नाना त्यात रोज दहादा नापास होतात. “बघा,” समोरच्या म्हाताऱ्याला ते सांगतात, “कोर्ट राहिलं बाजूला, पहिली पेशी माझीच.”

ग्वाल्हेरच्या हजीऱ्यात तानसेनच्या मकबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक लहानसं वाचनालय आहे. दोन कॉम्प्युटर, त्यातला एक चालू. त्या चालूपुढे नाना. एका कचेरीच्या रेकॉर्डरूममधून निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून इथे येऊन बसले. पगार नाही, पद नाही. मोहल्ल्याने पदवी मात्र दिली, ‘धारावाले दादा’. धारा म्हणजे कायद्याचं कलम. आम्हा चार मराठी घरांचे ते धारावाले नाना.

सवय रेकॉर्डरूमचीच. माउसचं चाक फिरवण्याआधी बोट जिभेला लावतात, जसं काही दप्तराचं पान उलटायचंय. आणि वाचताना पडद्यावर चक्क फूटपट्टी धरतात. लाकडी, कडा झिजलेली. ओळीखाली पट्टी, ओळ संपली की पट्टी खाली. पडद्यावरची ओळ वर सरकली तर पट्टी तिथेच राहते आणि नाना क्षणभर हरवतात. मग “कुठे होतो मी?” असं आम्हालाच विचारतात, जसं काही आम्हीच वाचत होतो.

त्यांची तीन वाक्यं ठरलेली. पहिलं, “साल कोणतं?” दुसरं, “मूळ पाहिलं का?” तिसरं, हात वर करून, “मी वकील नाही हं.” कुणी वर्तमानपत्राचं कात्रण आणतो, कुणी वकिलाच्या मुंशीने चिठोऱ्यावर लिहून दिलेला आकडा, कुणाच्या फोनवर भाच्याने पाठवलेला निरोप. नाना सगळं बाजूला सारतात. कायदा हवा तर इंडिया कोड, खटल्याची तारीख हवी तर ई-कोर्ट, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हवा तर 2023 पासून फुकट उघडलेलं त्यांचं निकालांचं दालन. “भाच्याला विचारू नका. सरकारने छापलंय ते वाचा.” ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम रंगनाथनांनी 1931 साली छापले, त्यातला वाचकाचा वेळ वाचवायचा नियम सोडला तर बाकी चार नाना निष्ठेने पाळतात. दोन मिनिटांच्या कामाला आलेला माणूस एक वाजता सुटतो, पण मूळ कलम वाचून सुटतो.

‘साल कोणतं’चं महत्त्व मला एका पोराच्या निमित्ताने कळलं. वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होता. आजोबांच्या कागदात ‘जागीर उन्मूलन कायदा 2008’ असं वाचून त्याने 2008 साली निघालेले सगळे कायदे तीन दिवस चाळले. सापडेना, तेव्हा आला. नानांनी कागद पाहिला आणि इतके खूश झाले की चहा मागवला.

“अरे बाळा, हे 2008 संवत आहे! संवत 2008, म्हणजे 1951. तेव्हा मध्य प्रदेश नव्हता, मध्य भारत होता. आपल्याकडे कायद्यालासुद्धा विक्रमाचं साल लावायचे.”

पोरगा 57 वर्षांनी चुकला होता. पुढचा अर्धा तास नानांनी त्याला 1956 आधी ग्वाल्हेरला स्वतःचं हायकोर्ट कसं होतं आणि मग मुख्य पीठ जबलपूरला जाऊन आपल्या वाट्याला खंडपीठ कसं उरलं, ते ऐकवलं. खंडपीठ हा शब्द ते असा उच्चारतात की ताटातली पुरणपोळी कुणी उचलून नेली आणि कडा तेवढी ठेवली.

1 जुलै 2024 ला नवी न्याय संहिता लागू झाली, तेव्हा नानांवर आभाळ कोसळलं. जन्मभर पाठ केलेल्या 511 कलमांची 358 झाली. तीनशे दोनचं एकशे तीन, चारशे वीसचं तीनशे अठरा. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही, असं नानी सांगतात. मग मात्र त्यांनी दोन रकान्यांची वही आखली आणि सूड म्हणून सगळ्यांची भाषा सुधारायला घेतली. चौकात भाजीवाला गिऱ्हाइकावर ओरडला, “बड़ा चार सौ बीस आदमी है!” नाना पिशवी खाली ठेवून म्हणाले, “भैया, अब तीन सौ अठारह।” मग लगेच बोट वर करून, “लेकिन घटना कब की है? जुलाई चौबीस से पहले की हो तो पुराना ही लगेगा।” भाजीवाल्याने त्यांना कोथिंबीर फुकट दिली, जावं म्हणून.

मराठीपणाचा अभिमानही कायद्यातून वाहतो. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ नागपूरहून छापलं जातं, हे त्यांनी मला निदान आठ वेळा सांगितलंय. आणि निकालांच्या सीडीवरून झालेला तो मोठा दावा, ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक! सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या डिसेंबरात सांगितलं की न्यायाधीशाने लिहिलेला निकाल सगळ्यांचा, प्रकाशकाचा हक्क त्याने स्वतः घातलेल्या भरीपुरता. “मोडक!” नाना मांडीवर थाप मारतात, “आपला मोडक!” कुठल्या गावचे मोडक, ते नानांना ठाऊक नाही. विचारू नये.

परवा एक तरुण वकील फोनवरच्या यंत्राने सुचवलेले तीन निकाल घेऊन आला. नावं भारदस्त, साल आहे, पान आहे. नानांनी पट्टी लावून शोधलं. एकही निकाल कधी झालेलाच नव्हता. वकील पांढराफटक. नाना मात्र माहेरचं माणूस भेटल्यासारखे खुलले. “2023 मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी हेच केलं, दंड भरला. तुम्ही हजीऱ्यात पकडले गेलात, चहावर सुटाल.”

मला राग येतो तो ‘मी वकील नाही’चा. आमच्या भाडेकरूचं प्रकरण घेऊन गेले होते. एकच प्रश्न, तो निघेल का? नानांनी मध्य प्रदेशचा 1961 चा भाडे कायदा काढला, बारावं कलम, जागा कोणत्या कारणांवरून रिकामी करून मागता येते त्याची यादी. पट्टी सरकवत सावकाश वाचली. मग हात वर. मी वकील नाही हं. मी चिडून उठले. जिना अर्धा उतरले तर मागून आवाज, “वहिनी, वकिलाला एवढं विचारा, भाड्याच्या पावत्या कुणाच्या नावाने फाडल्यात?” त्या एका प्रश्नावर वकील दहा मिनिटं गप्प बसला.

त्यांच्या वहीत मोहल्ल्यातल्या प्रत्येक खटल्याचा सोळा अक्षरांचा नंबर आहे. बंद पडलेल्या जे. सी. मिलचा एक म्हातारा कामगार दर सोमवारी येतो. थकबाकीचं काही हलत नाही, हे दोघांनाही माहीत. तरी नाना बोट ओलं करतात, अक्षरं चुकतात, पुन्हा भरतात. “कुछ हुआ?” “अभी नहीं।” मग दोघं गजक खात बसतात.

वहीच्या पहिल्या पानावरच्या नंबरापुढे मात्र नाव नाही. तो नाना सगळ्यात शेवटी, दिवे मालवायच्या वेळी उघडतात. एकदा मी मागेच उभी होते. लष्कर भागातल्या वाड्याचा दावा, नाना विरुद्ध त्यांचे चुलतभाऊ, वर्षं बावीस. तारीख पाहून त्यांनी फोन लावला.

“बाळ्या, पुढच्या गुरुवारी आहे रे. तुला ती अक्षरं जमत नाहीत म्हणून सांगतोय. हो, हो. सकाळी साडेनवाला तयार राहा, स्कूटरवर बरोबरच जाऊ. आणि हेल्मेट आण. मागच्यालाही लागतं, कलम एकशे एकोणतीस.”